लाल गालांची अंजनी

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, मित्रांनो. पायाने चालवायची, काळ्या रंगाची. अंगावरची सोनेरी वेलबुट्टी केव्हाच पुसून गेली. चामड्याचा पट्टा कोरडा पडून तडकला आहे. विठ्ठलवाडीच्या एका चाळीत, खिडकीखाली मी उभी असते. माझी हकीगत सांगायची तर मला अंजनीचीच हकीगत सांगावी लागेल, कारण माझे कामाचे सारे दिवस तिच्या पायांखाली गेले.

माझा जन्म दूर पंजाबातला. वितळलेले लोखंड साच्यात ओतून माझे धड घडवले, घासले, रंगवले, तेल पाजले आणि लाकडी खोक्यात बसवून मला ट्रकवर चढवले. त्या ट्रकने मला उल्हासनगरला, एका सिंधी व्यापाऱ्याच्या दुकानात आणून सोडले. १९८२ च्या उन्हाळ्यात वांगणीचे एक शेतकरी, कोंडाजी, त्या दुकानात आले. त्यांच्या मुलीचे लग्न ठरले होते. दुकानदार मशिनींचे गुण सांगत होता, पण कोंडाजींचे त्याच्याकडे लक्ष नव्हते. त्यांनी एकेकीचे चाक फिरवले, कान लावून ऐकले आणि शेवटी माझ्यावर हात ठेवला. हिचा आवाज गरीब आहे, ही पोरीला त्रास देणार नाही, असे ते म्हणाले. अशी मी अंजनीबरोबर सासरी आले.

अंजनीचा नवरा महिपती अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत कामाला होता. घरात तो, त्याची विधवा आई बनूबाई आणि आता अंजनी. खोली लहान, पण मला उजेडाची जागा दिली होती. माझ्या डोक्यावरच भिंतीला एका तरुण मुलीचा फोटो होता. ती विठा, बनूबाईंची मुलगी. पहिल्या बाळंतपणात तिला रक्तस्राव झाला. रक्ताची बाटली शोधायला माणसे धावली, ती परत येईपर्यंत विठा गेली होती. बाळही राहिले नाही. बनूबाई रोज अंघोळ झाली की त्या फोटोला हळदकुंकू लावायच्या आणि मग अंजनीला विचारायच्या, "जेवलीस का गो?" सकाळचे आठ वाजलेले असले तरी.

बदलापूरच्या शिवणवर्गात अंजनीने काम शिकले होते, आणि हात तिचा मुळातच देखणा होता. तिने बेतलेला ब्लाउज अंगावर असा बसायचा की बायका आरशापुढून हलत नसत. शेजारच्या ईश्वरीबाई तर आपल्या सगळ्या नात्यातल्या सिंधी बायकांना तिच्याकडे घेऊन यायच्या. बनूबाई जवळ बसून काज करायच्या, बटणे लावायच्या. अंजनीचा पाय माझ्या पायट्यावर पडला की मी न अडखळता धावत असे. ८४ साली मीनल झाली, तेव्हा माझ्या फळीखाली तिची झोळी टांगलेली असे. माझ्या आवाजाने ती झोपायची. ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो.

मीनल चालू लागली त्या सुमारास अंजनीचे गाल लाल दिसू लागले. मूळची गव्हाळ पोर, पण आता गाल, नाकाचा शेंडा, तळहात सगळे तांबूस झाले. नळावरच्या बायका म्हणत, बनूबाईंनी सून कशी टुमटुमीत ठेवली आहे. बाकीच्या घरांतल्या सुनांना डॉक्टर रक्त कमी आहे म्हणून सांगायचे, आणि इथे ही अशी रसरशीत. बनूबाईंना धन्य वाटे. त्या तिला आणखी खाऊ घालत. गूळ-शेंगदाणे, खजूर, बीट, पालक, आणि औषधाच्या दुकानातून आणलेले लोहाचे टॉनिक. विठाला जे मिळाले नाही ते सारे हिच्या पोटात जायला हवे, एवढेच त्यांना कळत होते.

पण मी अंजनीचे पाय ओळखत होते. अंघोळ करून ती शिवायला बसली की सारखी अंग खाजवायची. साबण बदलला, कडुलिंबाचा पाला पाण्यात टाकला, काही उपयोग झाला नाही. मग तिच्या पायांची बोटे जळू लागली. लाल होत, निखाऱ्यावर ठेवल्यासारखी भाजत. ती चप्पल काढून पावले माझ्या थंड लोखंडावर दाबून धरायची आणि डोळे मिटून बसायची. डोके सतत जड. कधी डोळ्यांपुढे काजवे चमकत आणि सुईचे भोक तिला दिसेनासे होई. दोऱ्याचे टोक ओठात ओले करून ती पुन्हा पुन्हा ओवायला बघे. तिच्या हातची शिवण वाकडी जाऊ लागली. उसवलेला ब्लाउज मांडीवर घेऊन ती म्हणायची, माझे मलाच कळत नाही.

एसटी डेपोजवळ डॉक्टर श्यामकांतांचा दवाखाना होता. त्यांनी आधी ब्लडप्रेशर समजून गोळ्या दिल्या. गुण येईना. मग एकदा त्यांनी तिचे दोन्ही तळहात उजेडात धरले, पोट दाबून पाहिले आणि डाव्या बरगडीखाली त्यांच्या बोटांना फुगलेली प्लीहा घट्ट लागली. त्यांनी रक्त तपासायला पाठवले. हिमोग्लोबिनचा आकडा असा आला की लॅबवाल्याला आपलीच चूक वाटली आणि त्याने पुन्हा रक्त मागवले. दुसऱ्यांदाही तोच आकडा. डॉक्टरांनी नवरा-बायकोला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात धाडले. तिथे अंजनीच्या हाडातली मज्जा काढून तपासली.

त्यानंतर डॉक्टर श्यामकांत एका संध्याकाळी स्वतः घरी आले. बनूबाई मीनलला घेऊन महादेवाला गेल्या होत्या. डॉक्टर माझ्याच स्टुलावर बसले होते, म्हणून त्यांचा शब्द न् शब्द मला आठवतो.

"अंजनीबाई, तुमचं रक्त कमी नाही, जास्त झालंय," ते म्हणाले. "रक्तातल्या पेशी हाडांच्या आत तयार होतात. पुरेशा झाल्या की शरीर थांबतं. तुमचं थांबत नाहीये. रक्त काकवीसारखं दाट होत चाललंय. ते बारीक नळ्यांतून पुढं सरकत नाही, म्हणून बोटं जळतात, डोकं दुखतं. मेंदूच्या नळीत गुठळी झाली तर हात-पाय जातील, वाचा जाईल. जीवही जाईल."

महिपतीने विचारले, की मग औषध काय.

"रक्त काढायचं. पिशवीभर. पातळ होईपर्यंत परत परत, आणि मग आयुष्यभर लक्ष ठेवून. गोळ्याही देऊ. पण काढणं थांबवायचं नाही. आणि ते लोहाचं टॉनिक आजपासून बंद."

डॉक्टर गेल्यावर महिपती दार लावायला उठला. मग अंजनी हळूच म्हणाली, "आत्याबाईंना सांगू नका. त्यांना नाही सोसणार."

पहिल्यांदा रक्त काढून आली, तेव्हा ती माझ्यापाशी बसून हसली. डोक्यावरचे ओझे कुणी उतरवून ठेवल्यासारखे वाटते आहे, असे तिने महिपतीला सांगितले. एका झटक्यात तिने सुई ओवली. त्या आठवड्यात तिने शिवलेल्या कपड्यांत एक टाका वाकडा नव्हता. दुसऱ्यांदा जाऊन आली, तिसऱ्यांदाही. टॉनिकचा चमचा ती बनूबाईंची पाठ वळली की मोरीत ओतायची.

एके दिवशी कापड बेतताना तिची बाही वर सरकली आणि कोपराच्या खळीतली पट्टी बनूबाईंना दिसली. त्यांनी विचारले. अंजनीला खोटे बोलता येत नसे. महिपती कामावरून आला तेव्हा बनूबाई विठाच्या फोटोखाली भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्याने जमेल तसे समजावून सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "ते काढलेलं रगत कुठं जातं?"

"टाकून देतात, आई. दुसऱ्याला चालत नाही ते."

बनूबाईंचा आवाज चढला नाही. "माझ्या विठाला एक बाटली गावली नाय," त्या म्हणाल्या. "एक बाटली. आन् तुम्ही हिच्या अंगातलं काढून मोरीत वतता. ही पण माझी पोरच हाय, महिपती. हिला मी अशी जाऊ देनार नाय."

त्यांनी अन्न सोडले. महिपती समजावून थकला. डॉक्टरांनी त्यांना दवाखान्यात बोलावले, त्या गेल्या नाहीत. रक्त गेले की माणूस जाते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यापुढे कोणाचे बोलणे त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. शेवटी महिपती वाकला. थोडे दिवस थांबू, आई शांत झाली की जाऊ, असे तो अंजनीला म्हणाला. अंजनीला तेव्हा बरे वाटत होते, आणि सासू उपाशी बसलेली तिला बघवत नव्हती. तिनेही मान डोलावली. बनूबाईंनी त्या दिवशी स्वतःच्या हाताने तिला टॉनिक पाजले आणि मग स्वतः जेवल्या. मित्रांनो, त्या घरात कुणाच्याही मनात वाईट नव्हते. हेच मला आजपर्यंत सोसत नाही.

थोडे दिवस म्हणता म्हणता पावसाळा सरला. डॉक्टरांचे निरोप येत राहिले. महिपती दवाखाना टाळून पलीकडच्या गल्लीने जाऊ लागला. अंजनीचे गाल पुन्हा लाल झाले. तिचा पाय माझ्यावर जड पडू लागला, मध्येच थांबू लागला. ८८ सालची दिवाळी जवळ आली होती आणि कपड्यांचा ढीग माझ्या फळीपर्यंत आला होता. एका सकाळी तिने कपाळाला फडके घट्ट बांधले आणि ती बनूबाईंजवळ जाऊन बसली.

"आत्याबाई, डोकं फुटतंय माझं. मला न्या ना त्यांच्याकडं. थोडंसंच काढतील. मी मरत नाही त्यानं."

बनूबाईंनी तिच्या कपाळाला तेल चोळले. "दिवाळी होऊ दे," त्या म्हणाल्या. "मंग बघू."

दिवाळीच्या आधीच ते झाले. दुपारची वेळ होती. अंजनी एका अबोली रंगाच्या ब्लाउजची बाही जोडत होती. तिचा उजवा पाय पायट्यावरून घसरला. मला वाटले बोटे जळत असतील. पण मग तिचा उजवा हात कापडावरून खाली पडला आणि तसाच लोंबत राहिला. ती त्या हाताकडे बघत होती, दुसऱ्या कुणाचा असावा तशी. तिने तोंड उघडले. बनूबाईंना हाक मारायची होती तिला, पण आवाज आला तो नुसता घोगरा, त्यात शब्दच नव्हता. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता.

बनूबाईंच्या हातातली बटणे सांडली. अशक्तपणाने चक्कर आली असे त्यांना वाटले. त्यांनी घाईने गुळाचे पाणी केले आणि अंजनीच्या ओठांना लावले. ते गालावरून गळ्यात ओघळले. थोडे आत गेले, तिला जोराचा ठसका लागला आणि ती स्टुलावरून कलंडली. बनूबाई पुन्हा भांडे तिच्या तोंडाशी नेत होत्या. तेवढ्यात ईश्वरीबाई धावत आल्या. त्यांनी भांडे हिसकावून घेतले. "पानी मत पिला, बनूबाई, गले में अटकेगा! तिला कुशीवर कर. मैं डॉक्टर को लाती हूँ!"

डॉक्टर श्यामकांत आले. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिले आणि रिक्षा आणायला सांगितली. तिला चादरीत घालून नेले. दार उघडेच राहिले. अबोली ब्लाउज माझ्या सुईखाली अडकलेला होता, सुई कापडात रुतलेली. पुढे कितीतरी दिवस ती तशीच रुतून होती. वर काढायला घरात कोणी नव्हते.

महिपती मधूनच कपडे न्यायला यायचा. एकदा बनूबाईही बरोबर आल्या. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली, असे इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितले होते. बनूबाईंनी विचारले, "रगत दाट झालं म्हनून?" महिपती पिशवीत साडी घालत राहिला. त्या जमिनीवर बसल्या, मग उठल्या, विठाच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि हळदकुंकू न लावताच मागे फिरल्या. "चल," त्या म्हणाल्या. "त्यांना सांग, काय काढायचं ते काढा. मी हात धरते तिचा." ज्या बाईला बोट कापलेलेही बघवत नव्हते, ती त्या दिवसापासून प्रत्येक वेळी अंजनीचा दंड धरून बसली. पिशवी काळपट लाल होत भरायची, आणि बनूबाई तिच्यावरून नजर काढत नसत, असे महिपती ईश्वरीबाईंना सांगत होता.

अंजनी घरी आली तेव्हा हिवाळा संपला होता. तिचा उजवा पाय फरपटत होता, उजवा हात छातीशी वाकलेला. वाचा गेली होती. ऐकलेले तिला बहुतेक कळायचे, पण बोलायला तिच्याजवळ दोनच शब्द उरले होते: हो आणि नको. आणि तेही तिच्या ताब्यात नव्हते. भूक लागली असताना ती नको म्हणायची आणि ताट मागे नेले की रडायची. कधी मात्र बरोबर बोलायची. पण मीनल समोर बसून विचारायची, आई, मी मीनल ना? आणि अंजनी म्हणायची, नको. पोर उठून गॅलरीत निघून जायची.

महिपतीने तिच्या खाटेसाठी जागा करायची म्हणून मला विकायचे ठरवले. गिऱ्हाईक आले, त्याने माझे चाक फिरवून पाहिले. अंजनीने डाव्या हाताने माझी फळी पकडली आणि ती "हो, हो, हो" म्हणत राहिली. गिऱ्हाईक खूश झाले. बनूबाई पुढे झाल्या आणि त्यांनी त्याला जायला सांगितले. "बोटं बघ तिची," त्या महिपतीला म्हणाल्या, "पांढरी पडलीत धरून धरून." म्हणून मी राहिले. पण शिवायला परत कुणी बसले नाही. माझ्यावर गोळ्यांच्या बाटल्या आल्या, मालिशचे तेल आले, इस्पितळाच्या थैल्या आल्या. माझ्या सांध्यांत गंज चढला.

ती वर्षे कशी गेली ते सांगायला मला जड जाते. पेशी कमी करणारी गोळी कधी मिळायची, कधी मुंबईभर फिरूनही मिळायची नाही. अंजनीच्या शिरा टोचून टोचून कडक झाल्या. वांगणीहून कोंडाजी यायचे, लेकीजवळ बसायचे, तिला भाताच्या पेरणीचे, मळणीचे सांगायचे आणि जाताना दाराबाहेर टोपीने डोळे पुसायचे. महिपती कामावरून आला की माझ्या स्टुलावर बसायचा. एकदा त्याने माझ्या फळीवर डोके टेकले आणि तो इतका रडला की बाटल्या थरथरल्या. मी पलीकडच्या गल्लीने का जात होतो, असे तो पुटपुटत होता. अंजनी खाटेवरून बघत होती. तिने काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, चेहरा लालबुंद झाला, आणि शब्द आला तो "हो". तो आणखीच रडला.

बनूबाई थकत चालल्या होत्या. ९५ साली त्यांचा दम वाढला, जिना चढवेना. एका दुपारी घरात त्या दोघीच होत्या. बनूबाई अंजनीचे केस विंचरत होत्या. विंचरता विंचरता त्यांचा हात थांबला. त्या समोर येऊन बसल्या आणि त्यांनी अंजनीचे दोन्ही हात, चांगला आणि वाकडा, आपल्या हातात घेतले.

"अंजने," त्या म्हणाल्या, "तू म्हनाली होतीस, न्या मला. मी नेलं नाय. सात वर्सं माझ्या घशात हाय हे. मला माफ केलंस का, पोरी?"

अंजनी त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले.

"नको," ती म्हणाली.

अंजनीने मान हलवली, डोळे घट्ट मिटले, परत उघडले. "हो," ती म्हणाली. मग लगेच, तशाच आवाजात, "नको. नको. हो."

बनूबाईंनी तिचे डोळे पाहिले, बोटे पाहिली. नेहमी त्यांना समजायचे. त्या दिवशी समजले नाही. मी अगदी जवळ होते, मलाही समजले नाही. शेवटी त्यांनी तिची वेणी घातली, रिबीन बांधली आणि त्या चहा करायला उठल्या. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

अंजनी अजून आहे. आता इस्पितळात महिपती तिचा हात धरतो. दुसरी गुठळी झालेली नाही. डॉक्टर श्यामकांत म्हणतात, रक्त वेळच्या वेळी काढतात म्हणून. ते असे म्हणतात तेव्हा महिपती मान खाली घालतो.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे, मला रक्त नाही. तुम्हाला आहे, आणि तुमच्या घरातल्या माणसांना आहे. कुणाचे गाल लाल दिसले म्हणून ते माणूस ठणठणीत आहे असे धरून चालू नका. कुणाचे तोंड अचानक वाकडे झाले, हात लोंबला, बोलणे अडखळले, तर त्याच्या तोंडात पाणी घालू नका, क्षणभरही वाट बघू नका, उचला आणि इस्पितळात न्या. आणि कुणी तुमच्याजवळ येऊन सांगितले, डोके फुटते आहे, मला न्या, तर त्याला दिवाळीपर्यंत थांबवू नका. तेव्हा त्याच्याजवळ सगळे शब्द असतात. तेव्हाच ऐका.